दिवसा सोलार, संध्याकाळी धरण... पण पाऊसच बिघडला तर?

वाघबीळकर:
नमस्कार मंडळी,
रविवारी आमच्या सोसायटीची एजीएम झाली. घोडबंदर रोडला २२ मजल्यांचे दोन टॉवर, गच्चीवर ४० किलोवॉटचं सोलार बसवून वर्ष होत आलं, तर त्यावरून नेहमीची जुगलबंदी झाली, पैसे कधी वसूल होणार, पॅनल धुवायचे कोणी वगैरे, आणि मग बी टॉवरचे एक काका उठून म्हणाले की अहो आता कोळसा हवाय कशाला, दिवसा सोलार आहेच, संध्याकाळी कोयनेची वीज घ्यायची, झालं काम! टाळ्या पडल्या आणि सगळे बटाटेवड्यांकडे वळले.
मला ते पटलंही आणि नाहीही पटलं. घरी येऊन अॅप उघडलं. मे महिन्यात चांगल्या दिवशी १७५ युनिट निघालेत आणि जुलैत एक दिवस फक्त ३८. म्हणजे सोलार झोपतं तेव्हाच धरणं भरत असतात, हे छानच आहे. पण २०२३ सारखा कोरडा ठाक ऑगस्ट आला तर? किंवा जून पूर्ण कोरडा आणि जुलैच्या तीन दिवसांत सगळा पाऊस पडला तर? मी वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्स बघतो, विजेतलं बिल सोडून काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

टर्बाइनआजोबा:
प्रश्न चांगला आहे. जलविद्युतमध्ये नोकरी करून रिटायर झालोय, सध्या मुक्काम नेरुळ. जरा लांबण लागेल.
तुमच्या काकांचं अर्धं बरोबर आहे. धरणाच्या विजेची खरी किंमत युनिटमध्ये नाही, ती हुकमी असण्यात आहे. कोळशाचा संच थंड पडला की परत लाईनवर घ्यायला तासन्‌तास जातात, आणि चालू असला तरी त्याला एका मर्यादेखाली उतरवता येत नाही. पाण्याचा संच काही मिनिटांत सिंक्रोनाइझ होतो, म्हणजे ग्रिडशी जुळतो, आणि हवा तसा वरखाली करता येतो. ५ एप्रिल २०२० आठवतंय? रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावल्या होत्या. देशाची मागणी त्या वेळी साधारण ३१ हजार मेगावॉटने कोसळली आणि लगेच परत वर आली. ग्रिड सांभाळलं कोणी? मुख्यतः धरणांनी. देशभरातलं हायड्रो साडेपंचवीस हजारांवरून आठ हजार मेगावॉटपर्यंत खाली आणलं आणि दिवे लागताच परत चढवलं. लोक गॅलरीत पणत्या लावत होते आणि आमचे जुने सहकारी पॅनलसमोर घाम पुसत होते.
आता सोलार वाढल्यावर हीच कसरत रोज संध्याकाळी आहे. सूर्य मावळतो, त्याच वेळी लोक घरी येऊन एसी लावतात, तासा-दीडतासात प्रचंड चढ. त्या चढाला पाण्यासारखं दुसरं काही नाही.
उरलेलं अर्धं चुकीचं का, ते संध्याकाळी लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

मेधा_ऐरोली:
आजोबा मस्त. आमच्या इथे ठाणे-बेलापूर रोडवर राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर आहे, कुठल्या केंद्राने कधी किती वीज करायची ते ठरवणारं, रोज त्याच्यासमोरून जाते पण आत नक्की काय चालतं हे आत्ता जरासं कळलं.

बॅटरीवाला:
सॉरी, पण धरणं वगैरे जुना विचार झाला. लिथियमच्या किमती किती पडल्यात बघा. कंटेनर आणा, ठेवा, विषय संपला. डोंगर पोखरायला नको, गावं बुडवायला नकोत.

टर्बाइनआजोबा:
बॅटरीवाले, तुमच्याशी भांडण नाही. दोन तासांच्या चढाला बॅटरी उत्तम. पण जुलैत आठ दिवस ढग हटत नाहीत तेव्हा दोन तासांची बॅटरी काय करणार, भरणार कशाने? तो हिशोब तासांचा नाही, हंगामाचा आहे.
आता राहिलेलं अर्धं. कोयना १९६० मेगावॉटची आहे, तिचा जलाशय शिवसागर १०५ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), ऐकायला प्रचंड. पण पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी वापरता येतं, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने घातलेली मर्यादा. १ जूनला वर्ष सुरू, ३१ मेला संपतं. एक टीएमसी म्हणजे २८३२ कोटी लिटर, कोयनेच्या उंचीवरून पाडलं की ढोबळ तीन कोटी युनिट. म्हणजे ही पगारासारखी गोष्ट आहे हो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हॉटेलात उडवला तर शेवटी पोहे. कोयना सकाळपासून रात्रीपर्यंत चालवली तर वर्षाचा कोटा कधीच संपेल, म्हणून ती मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हाच चालवायची, आणि सोलारमुळे उलट हे सोपं होतं कारण दुपारचं पाणी वाचतं.
आणि वारा विसरू नका. साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आहेत ना, त्या पावसाळ्यात भन्नाट फिरतात. आपल्याकडे वाऱ्याची वर्षातली निम्म्याहून जास्त वीज जून ते सप्टेंबरात मिळते. म्हणजे सोलार कमी, वारा जास्त, धरणाला फक्त भरू द्यायचं. ऑक्टोबरात वारा पडतो, ऊन तापतं, तेव्हा भरलेलं धरण हाताशी असतं. निसर्गाने टाइमटेबल लावून दिल्यासारखं होतं. होतं म्हणतोय, कारण आता पाऊस त्या टाइमटेबलने येत नाही.

वाघबीळकर:
काका, हे पगाराचं उदाहरण मी पुढच्या एजीएमला चोरणार आहे.

चिपळूणची_लेक:
माहेर चिपळूण, सासर कळवा. तुम्ही सगळे कोयनेच्या विजेचं बोलताय, पाणी पुढे कुठे जातं ते कोणी बोलत नाही. वीज करून झालं की ते अवजल आमच्या वाशिष्ठीत येतं. उन्हाळ्यात त्याच्यामुळे नदीला पाणी असतं, एमआयडीसी चालते, शेती होते, ते मान्य. पण २२ जुलै २०२१ ची रात्र मी विसरू शकत नाही. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस, वरून भरतीची वेळ, आणि बाजारपेठेत पहिला मजला बुडेपर्यंत पाणी. आईबाबा गच्चीवर होते, बाबा मोबाईलची बॅटरी वाचवायला तासातून एकदाच फोन चालू करायचे. नंतर किती तरी महिने गावात एकच वाद, पुरात अवजलाचा वाटा किती. कोणी म्हणे किरकोळ, कोणी म्हणे तेवढ्यानेच बाजार बुडाला. मी इंजिनियर नाही, पण एक गोष्ट मलाही कळते. धरण काठोकाठ भरत असतं, पाणी फुकट असतं, तेव्हाच खाली पूर असेल तर संच बंद ठेवायला लागतो. म्हणजे ज्या दिवशी पाण्याची चैन असते त्या दिवशी वीज करता येत नाही.

टर्बाइनआजोबा:
ताई, अगदी कळीचं बोललात. हेच मला लिहायचं होतं आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत.
सरासरी पाऊस तेवढाच राहिला तरी वीज कमी होऊ शकते ती यामुळे. हळूहळू पडलेला पाऊस टर्बाइनमधून जातो. एकदम कोसळलेला सांडव्यावरून जातो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलंय की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतातल्या मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तिकडे एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत चाललाय. म्हणजे दोन्हीकडून मार. पुराच्या भीतीने धरण जुलैत थोडं रिकामं ठेवायचं की दुष्काळाच्या भीतीने लवकर भरून घ्यायचं, हा निर्णय घेणाऱ्याला मी हात जोडतो. आमच्या वेळी जुन्या नोंदी बघून ठरवायचे. त्या नोंदींवर आता किती विसंबायचं?
वाघबीळकर, तुमच्या २०२३ च्या प्रश्नाचं उत्तर. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. देशातली जलविद्युत २०२२-२३ मध्ये १६२ अब्ज युनिट होती ती पुढच्या वर्षी १३४ वर आली. सहावा हिस्सा गेला. तो कोळशाने भरून काढला, दुसरं काय.

मेधा_ऐरोली:
चीनमध्ये पण झालं होतं ना असं? माझा नवरा इलेक्ट्रॉनिक पार्ट्स मागवायचा तेव्हा तिकडचा सप्लायर म्हणायचा वीज नाही, कारखाना बंद.

बॅटरीवाला:
सिचुआन, ऑगस्ट २०२२. त्यांची ८० टक्के वीज हायड्रोची, आणि उष्णतेच्या लाटेत नद्या आटल्या, त्याच वेळी एसीची मागणी वर. म्हणूनच म्हणतोय, एकाच घोड्यावर पैसे लावू नका.

वाघबीळकर:
पण मग बॅटरी हाही एकच घोडा झाला की राव 😄

शहापूरकर:
राम राम. तुम्ही कोयना कोयना करताय, आपल्याच जिल्ह्यात काय आहे ते बघितलंय का कोणी? घाटघर उदंचन प्रकल्प. वरचं धरण घाटघरला, अकोले तालुक्यात, ज्याला लोक नगरचं चेरापुंजी म्हणतात, आणि खालचं आमच्या शहापूर तालुक्यात चोंढ्याला. मधे चारशे मीटरवर उंचीचा कडा आणि डोंगराच्या पोटात पावरहाऊस. १२५ चे दोन संच, २५० मेगावॉट, २००८ पासून चालू. संध्याकाळी मागणीला वरून पाणी सोडायचं वीज करायची, मागणी पडली की तेच पाणी तेच यंत्र उलटं फिरवून वर चढवायचं. पाणी तेच, वर खाली वर खाली.
माझं सासर चोंढ्याच्या बाजूला (हो, पुरुषालाही सासर असतं). मेहुण्याबरोबर खालच्या धरणाच्या वरच्या रस्त्यावर बसलो होतो, मे महिना, सकाळी काठावर ओल्या चिखलाचा रुंद पट्टा दिसत होता आणि त्यात बगळे. दुपारी जेवून परत आलो तर पट्टा अजून रुंद झालेला आणि बगळे पण खाली सरकलेले. पाऊस नाही, नदी नाही, ऊन भाजतंय आणि तळं हललंय. मेहुणा म्हणतो, दाजी, डोंगर पाणी पितोय. त्याला पंपिंग वगैरे सांगायला गेलो पण त्याचंच बरोबर वाटलं.

टर्बाइनआजोबा:
वा वा शहापूरकर! डोंगर पाणी पितोय, हे एकदम आवडलं.
गणित देतो. घाटघरच्या उंचीवरून तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी खाली ओतली तर जवळपास एक युनिट वीज मिळते. फक्त एक! आणि परत वर चढवायला सव्वा युनिट जातं. म्हणजे शंभर घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. तोट्याचा धंदा वाटतो, पण दुपारी सोलारची वीज एवढी येते की घ्यायला गिऱ्हाईक नसतं आणि रात्री आठला मिळेल त्या भावाने शोधत फिरावं लागतं. पूर्वी आम्ही रात्री दोनला, कोळशाची वीज शिल्लक असायची तेव्हा पाणी वर चढवायचो. आता भर दुपारी चढवायचं. शहापूरकरांनी दुपारी पट्टा रुंद झालेला बघितला त्याचं कारण बहुतेक हेच.
पाऊस बिघडण्याला उत्तर म्हणाल तर मला हेच जास्त खात्रीचं वाटतं. उदंचनला एकदा भरलेलं पाणी पुरतं, दरवर्षी फक्त बाष्पीभवनाची आणि गळतीची भर घालायची. दुष्काळातही वर-खाली चालू राहतं.

मेधा_ऐरोली:
मग असे अजून का नाही करत?

टर्बाइनआजोबा:
चाललंय की. राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी धोरण आणलं. भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॉटचा करार त्याच वर्षी झाला. इगतपुरी-शहापूरच्या हद्दीवर भावलीला १५०० ठरलंय. आंध्रात कर्नूलकडे पिन्नापुरमला १६८० मेगावॉटचं उभं राहिलंय, सोलार आणि वाऱ्याला जोडूनच.

शहापूरकर:
आता कडू बोलतो. आमच्याकडे भातसा आहे, वैतरणा आहे, तानसा आहे. पाणी मुंबई-ठाण्याला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. आता वीजही आमच्या डोंगरातून. घाट म्हणजे रिकामी जागा नाही, तिथे जंगल आहे, ठाकर-महादेव कोळी वस्त्या आहेत. मुळशीला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला त्याला शंभर वर्षं झाली, लोकांचं म्हणणं तेच आहे अजून. प्रकल्पाला विरोध नाही माझा. पण कागदावर 'नदीबाहेरचा, कमी बुडीत' लिहिलं म्हणजे झालं असं नाही. पहिली लाईट पाड्यावर लावा, मग मुंबईला न्या.

चिपळूणची_लेक:
+१०००

बॅटरीवाला:
शहापूरकर, डोंगर पोखरायला नको, गावं बुडवायला नकोत, हेच मी वर म्हटलं होतं.

शहापूरकर:
तू कंटेनर म्हणालास भावा, माणसं नाही म्हणालास.

मेधा_ऐरोली:
😬😬

कोलाडप्रेमी:
थोडं अवांतर. कोलाडला राफ्टिंगला गेलात तर सकाळी लवकरच का बोलावतात माहितीये? भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं तेव्हाच नदीला वेग असतो. ते सुटलं नाही तर तुम्ही होडी खांद्यावर घेऊन दगडांवरून चाला. उद्या सगळी वीज संध्याकाळी करायची ठरली तर आमच्या ग्रुपला टॉर्च लावून राफ्टिंग करावं लागेल.

टर्बाइनआजोबा:
हसण्यावारी नेऊ नका, हा खरा मुद्दा आहे. भिवपुरीचं पाणी उल्हास नदीत येतं, त्यावर बदलापूर-अंबरनाथ-कल्याणचे नळ चालतात. खोपोलीचं पाताळगंगेत. हे नळ रोज चालायला हवेत, मग ग्रिडला गरज असो नसो. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. शंभर वर्षांत या पाण्यावर इतक्या लोकांचे संसार बसलेत की वीज हा त्यातला एक भाडेकरू झालाय, मालक नाही. ग्रिडवाल्याला वाटतं धरण म्हणजे बॅटरी, पाटबंधारेवाल्याला कालवा वाटतो, नगरपालिकेला टाकी. दुष्काळी वर्षात सांगलीकडून सिंचनाला पाणी मागतात, तेव्हा कोयनेची वीजच आधी कापली जाते, आणि ते योग्यही आहे.
आणि यंत्राचंही बघा. दिवसातून एकदा चालू-बंद व्हायला बांधलेला संच ढग आला-गेला म्हणून दहादा वरखाली केला तर बेअरिंग, झडपा, रनर (टर्बाइनचं चाक) सगळं लवकर झिजतं. त्याचे पैसे कोणी धरत नाही.

बॅटरीवाला:
ओके, इथे मी तुमच्या बाजूने. छोटे धक्के बॅटरीने खायचे, मोठा चढ पाण्याने, असं जमेल. चीनमध्ये पिवळ्या नदीवर लाँगयांगशियाला १२८० मेगावॉटच्या जुन्या धरणाला ८५० चं सोलार जोडलंय, सोलारची लाईन थेट धरणाच्या पावरहाऊसला, जणू अजून एक संच. ढग आला की टर्बाइन उघडतं, बाहेर जाणारी वीज सपाट. आपल्याकडे ओंकारेश्वरला नर्मदेच्या जलाशयावर तरंगतं सोलार आहे, जागा पण वाचते आणि लाईन आधीच आलेली असते.

चिपळूणची_लेक:
जलाशयावर पॅनल अंथरले तर मासेमारी करणाऱ्यांचं काय?

बॅटरीवाला:
😐 आज माझा दिवस नाही.

मेधा_ऐरोली:
मला एक सांगा, १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाला सगळं गेलं होतं, लोकल जागच्या जागी. तेव्हा पण धरणांचं काही काम होतं का?

टर्बाइनआजोबा:
होतं. कळवा-पडघा भागातल्या लाईन्स ट्रिप झाल्या आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबई अंधारात. अशा वेळी पाण्याचा संच बाहेरची वीज नसतानाही उभा राहू शकतो, एक छोटा जनरेटर पुरतो झडप उघडायला. कोळशाच्या केंद्राला स्वतःच्याच मोटारी फिरवायला आधी बरीच वीज लागते. सह्याद्रीतल्या या शंभर वर्षांच्या म्हाताऱ्या केंद्रांनी त्या दिवशी परत उभं राहायला हात दिला. गच्चीवरचं सोलार मात्र ग्रिड गेलं की आपोआप बंद होतं, लाईनमनला शॉक बसू नये म्हणून. भर उन्हात वीज नाही!

वाघबीळकर:
हो!! लोकांना हे पटवता पटवता माझा घसा बसलाय. आमचा एक सभासद म्हणतो सोलार आहे तरी लिफ्ट बंद, कमिटीने पैसे खाल्ले.
बरं, आजोबांच्या काळ्या टाकीवरून मी काल रात्री बसून हिशोब केला. आमच्याकडे रोज दीड लाख लिटर पाणी तळटाकीतून गच्चीवर चढतं, पंपांचं वेगळं मीटर आहे, रोज साधारण ५२ युनिट. आणि वॉचमन मोटर कधी लावतो? संध्याकाळी सहाला आणि पहाटे पाचला, कारण पूर्वीपासून तसंच. म्हणजे सोलार बंद झाल्यावर, बरोबर सगळं ठाणे एसी लावतं तेव्हा.

टर्बाइनआजोबा:
अहो मग तुमची गच्चीवरची टाकी हेच तुमचं घाटघर! उलटी वीज मिळणार नाही, पण चढवायचं काम दुपारी बाराला करा. नेट मीटरिंग आहे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्यातून वजा होते, त्यामुळे बिलात लगेच फार फरक दिसणार नाही, ते आधीच सांगतो, नाहीतर एजीएमला माझं नाव निघेल. पण ५२ युनिटांचा भार संध्याकाळवरून दुपारी सरकला, आणि असे हजार टॉवर असतील घोडबंदरला. घरगुती स्मार्ट मीटरवाल्यांना २०२५ मध्ये सकाळी ९ ते ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली, ती याचसाठी. वॉशिंग मशीन, गीझर, सगळं दुपारी ढकला. शेतीपंप दिवसा सोलारच्या फीडरवर नेतायत तेही हेच. वाचलेलं प्रत्येक युनिट म्हणजे शिवसागरात राहिलेलं पाणी.

कोलाडप्रेमी:
दुपारी गीझर? ठाण्यात? मे महिन्यात नळालाच उकळतं पाणी येतं.

शहापूरकर:
कोणाला घाटघर-चोंढे बघायचं असेल तर पावसाळा संपल्यावर या. आत सोडत नाहीत, परवानगी लागते, पण कड्यावरून दोन्ही पाणी एकदम दिसतं. पिठलं-भाकरी माझ्याकडून.

वाघबीळकर:
अपडेट देतो. सोमवारपासून टायमर लावला, मोटर दुपारी साडेबारा ते तीन. पहिले तीन दिवस मस्त, अॅपवर बघितलं तर सोलारची वीज जागेवरच खपतेय. चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या आजींचं लेखी पत्र आलंय सेक्रेटरीच्या नावाने, दुपारच्या झोपेच्या वेळी पंपरूम घरघरते, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. (बिल्डिंग बारा वर्षांची आहे.) आता रबरी पॅड शोधतोय पंपाखाली घालायला. माजिवड्याच्या आसपास कुठे चांगले मिळतील?

टर्बाइनआजोबा:
पॅड घ्याल तेव्हा पाइपालाही क्लॅम्पखाली रबर घाला, निम्मा आवाज पाइपातून जातो. आणि आजींना विचारा दीड ते तीन झोपतात का. साडेदहाला सुरू केलीत तर एकपर्यंत उरकेल.